तीन नंबरची वायर

नमस्कार मंडळी.

आधी एक कबुली. असले भुताखेतांचे अनुभव मी इथे कित्येक वर्षं वाचतोय, पण विश्वास ठेवायला नाही, चुका काढायला. कुणाला पांढरी साडी दिसली की मी म्हणायचो, दोरीवरचं बेडशीट असेल. जिन्यात पावलं वाजली की, मांजर. बायको वैतागायची. "अहो, घाबरू द्या ना लोकांना जरा, तुमच्या खिशातलं काही जातंय का?"

माझा धंदाच तसा होता. भोपाळमधल्या एका सरकारी कारखान्यात मी एकतीस वर्षं टेस्टिंगला काढली. मोठमोठ्या इलेक्ट्रिक मशीनचं इन्शुलेशन तपासायचं, रीडिंग लिहायचं, खाली सही ठोकायची. रीडिंग आहे तर गोष्ट आहे, नाही तर नाही. आज जे लिहितोय त्याचं रीडिंग माझ्याकडे नाही. हसायचं तर हसा, तुमच्या जागी मीही हसलोच असतो.

गोविंदपुऱ्याच्या अलीकडे आमची टाऊनशिप. तळमजल्याचं क्वार्टर, पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये गाडी. मग बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर आणि सगळ्यात मागे झोपायची खोली, तिची खिडकी मागच्या पेरूच्या झाडाकडे. हे नीट लक्षात ठेवा — गाडी पुढे, झोपायची खोली मागे, मध्ये दोन खोल्या.

गाडी माझ्या वडिलांनी घेतलेली. कार्बोरेटरवाली, जुनी. नाव सांगत नाही, नाहीतर खाली प्रतिक्रियांमध्ये मायलेजवरून मारामाऱ्या सुरू होतील. अशा गाडीत चार सिलिंडर, चार स्पार्क प्लग आणि प्रत्येक प्लगला एक जाड रबरी वायर. वायर बिघडली की ठिणगी प्लगपर्यंत पोचत नाही. तो सिलिंडर मुका होतो आणि इंजिन उरलेल्या तिनांवर लंगडत चालतं. मेकॅनिक लोक म्हणतात, गाडी मिसिंग मारतेय.

कोणती वायर खराब ते शोधायची जुनी रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवायचं आणि रबरी हातमोजा घालून एकेक वायर प्लगवरून काढायची. काढल्यावर इंजिनाचा आवाज पडला तर ती वायर चांगली, कारण तिचं काम थांबल्याचं जाणवलं. काढूनही काहीच फरक पडला नाही, तर तीच खराब. ती आधीपासूनच काम करत नव्हती.

ह्याला दोन माणसं लागतात. एक बॉनेटपाशी, एक ड्रायव्हरच्या सीटवर. आमच्याकडे सीटवर मंदा. माझी बायको. माझे कान एकतीस वर्षांच्या मशीनच्या आवाजाने कामातून गेलेले, त्यामुळे इंजिन किंचित पडलं तर मला कळत नाही. मंदाला पायातून कळायचं. चप्पल काढून, उजवा पाय एक्सिलरेटरवर नुसता ठेवून बसायची. "चपलेतून काय डोंबल कळणार," म्हणायची.

पण इंजिनाच्या आवाजात तिचं बोलणं मला ऐकू यायचं नाही आणि बॉनेट उघडं म्हणून ती दिसायची नाही. मग मी कारखान्यातली पद्धत घरी आणली. टेस्टिंगच्या शेडमध्ये आम्ही बेलने बोलायचो. दोन छोट्या बेल म्हणजे ठीक, एक लांब म्हणजे गडबड. मंदाला म्हटलं, तू एक्सिलरेटरने बोल. मी ओरडायचो, "एक?" वायर काढायचो, परत बसवायचो, की ती दोनदा पटपट पाय दाबायची. ढर्र, ढर्र. फरक पडला, वायर ठीक. गडबड असेल तर एकदाच, लांब दाबायची.

"अख्ख्या घराचा कारखाना करून टाकलाय ह्या माणसाने," ती शेजारच्या धोटेला सांगायची. धोटे नागपूरचा, कारखान्यात माझ्याच शॉपमधला. तो म्हणायचा, "वहिनी, तुम्ही नसत्या तर ह्याची गाडी कधीच भंगारात गेली असती जी."

त्या वर्षी श्रावणात गाडी अधूनमधून मिसिंग मारायला लागली. मंदा म्हणाली, "तीन नंबर आहे. दमट हवेतच त्रास देते. जरा पाणी मारून बघा की वायरींवर."

मी हसलो. चारही वायरी काढल्या, मीटरने तपासल्या, कारखान्यातल्या टेस्टिंग बेंचवरही लावल्या. चारही पास. घरी येऊन तिला आकडे वाचून दाखवले. "रीडिंग आहे माझ्याकडे," म्हटलं. आता हे लिहितानाही लाज वाटते... अहो, इन्शुलेशन हा माझा धंदा! कोरडी वायर टेबलावर ठेवून तपासली तर पासच होणार, भेग पडलेलं रबर ओलं झालं की ठिणगी बाहेर पळते, हे मी नव्या पोरांना शिकवायचो. पण बायको सांगतेय म्हटल्यावर माझं डोकं चाललं नाही.

त्याच आठवड्यात ती म्हणाली होती, "उजव्या पायाला मुंग्या येतात हो सारख्या." मी तिचं बीपी घेतलं. मशीन घरातच होतं. नॉर्मल आलं. तेही रीडिंग मी तिला वाचून दाखवलं.

चार दिवसांनी सकाळी सातला स्वयंपाकघरात चहाची गाळणी पडली. मी गेलो तर मंदा ओट्याला टेकून उभी, तोंड एका बाजूला गेलेलं, उजवा हात लोंबतोय. बाहेर रिपरिप चालू होती. उचलून गाडीत घातली. दवाखाना आमच्यापासून दोन किलोमीटर. बाजाराच्या चौराह्यावर गाडीने चार आचके दिले आणि बंद पडली. मी किल्ली फिरवतोय, फिरवतोय, शेजारी मंदा माझ्याकडे बघतेय. रिक्षा एक थांबेना. शेवटी फर्स्ट शिफ्टला निघालेल्या धोटेने स्कूटर आडवी घालून रिक्षा थांबवली. किती वेळ गेला? पाऊण तास असेल. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला असता तरी सांगता आलं नसतं. हे ते सगळ्यांनाच सांगतात.

मंदा वाचली. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एकच शब्द राहिला — "हो." भूक लागली? हो. पोट भरलं? हो. मी कोण? हो. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, समजण्याचा भागही बराचसा गेलाय, फार अपेक्षा ठेवू नका.

पाच महिने असे गेले. दिवसा सांभाळायला शकुन यायची, बाग सेवनिया वस्तीतली, मोठ्या मनाची बाई. ती मंदाला दीदी म्हणायची आणि तेल लावताना तिच्याशी एकटीच गप्पा मारायची. मी मात्र मंदाच्या उशाशी बसून तिच्याबद्दल फोनवर बोलायला लागलो होतो. ती तिथे नसल्यासारखं. हे मी केलं, खोटं कशाला बोलू.

मुलगा निनाद पुण्याला. त्याने तिथे एक सेंटर बघितलं. चोवीस तास नर्स, बोलायला शिकवणारे, सगळं. "बाबा, आईला आता घर काय आणि सेंटर काय, तिला कळत नाहीये. तुम्ही किती दिवस ओढणार?" रिटायरमेंटला माझे सात महिने राहिले होते. ठरलं. मंदा पुढे जाणार, मी मागून. फॉर्म भरून टेबलावर ठेवला, फक्त सही बाकी. सोमवारी निनाद न्यायला येणार होता. गाडीलाही गिऱ्हाईक आलं होतं.

तो आदला रविवार. फेब्रुवारी, सकाळचे अकरा, स्वच्छ ऊन. गाडी विकायची तर मिसिंग तरी काढू म्हणून मी बॉनेट उघडलं. आणि ह्या वेळी मंदाने सांगितलं होतं तसं केलं. इस्त्रीच्या कपड्यांवर मारायची पाण्याची बाटली आणली आणि इंजिन चालू करून वायरींवर फवारा मारला. झालं! दोन मिनिटांत गाडी लंगडायला लागली. श्रावणातच केलं असतं तर... असो.

हातमोजा चढवला. सीटवर कोणी नाही हे माहीत होतं, पण सवयीने तोंडातून गेलं, "एक?"

वायर काढली, परत बसवली. ढर्र, ढर्र.

मला वाटलं, जुना कार्बोरेटर, वरखाली होतोय. "दोन?" काढली, बसवली. ढर्र, ढर्र. ह्या वेळी माझी नजर कार्बोरेटरवर होती. एक्सिलरेटर दाबला की एक छोटा लिव्हर ओढला जातो. तो लिव्हर माझ्या डोळ्यांसमोर दोनदा ओढला गेला. इंजिन आपणहून वाढलं तर लिव्हर हलत नाही. लिव्हर पायाने हलतो.

इंजिन बंद करायचं सुचलं नाही. टेस्ट अर्धवट सोडायची नाही, हे हाडात भिनलेलं. म्हटलं, "तीन?"

वायर काढली. मला काहीच फरक कळला नाही. बसवली. आणि लिव्हर ओढला गेला तो ओढलेलाच राहिला. इंजिन घोंगावत राहिलं. लांब. मी धावत ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो. काचा वर, सीटवर माझा स्वेटर. एक्सिलरेटरचं पेडल खाली दाबलेलं होतं. माझ्यासमोर ते हळूहळू वर आलं.

देवाशपथ सांगतो, मी तरीही चौथी वायर काढली. "चार?" ढर्र, ढर्र.

आणि आतून शकुनची हाक. "बाबूजी! जल्दी आओ! दीदी का पाँव चला!"

कसा आत गेलो ते आठवत नाही. मंदा पलंगावर उताणी, चादर बाजूला, शकुनच्या हाताला तेल. "मैं तो तेल लगा रही थी बाबूजी, यही पाँव, दाहिना वाला. अपने आप नीचे दबा."

"किती वेळा? कितनी बार?"

शकुनने गादीवर तळहात ठेवून दाखवलं. दोनदा पटपट. थांबली. परत दोनदा. थांबली. मग एकदा — बराच वेळ दाबून. मग दोनदा.

तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. बेलची भाषा मला, मंदाला आणि थोडीफार धोटेला ठाऊक. शकुनने गाडीत पायसुद्धा ठेवला नव्हता कधी.

मी मंदाच्या तोंडाशी वाकलो. "मंदा, तीन नंबर ना?"

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हो."

पण ती सगळ्यालाच हो म्हणते, मंडळी. मी तिथेच खाली बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. पाच महिने ही बाई इथेच होती आणि आम्ही तिच्या उशाशी बसून तिची विल्हेवाट लावत होतो. तेव्हा मला एवढंच वाटलं.

संध्याकाळी धोटेला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, गाडीखाली शिरून केबल बघितली, दहा वेळा पेडल दाबलं. "केबल तर मक्खन आहे जी. अडकून नाही राहिली." मग गुडघे झटकत म्हणाला, "तुम्ही झोपता का नाही आजकाल?" मी शकुनला बोलावून परत दाखवायला लावलं. धोटेने परत एकदा पेडल दाबून बघितलं. जाताना एवढंच म्हणाला, "वहिनींचं म्हणणं तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं राजे."

सोमवारी डॉक्टरांनी पाय तपासला. टाचणी टोचली, ढकलून बघितलं. ताकद शून्य. म्हणाले, अशा पायाला कधीकधी झटके येतात, आपोआप. बरं, येत असतील. मंदाला आतून इंजिन ऐकू येत होतं, हेही मान्य, तिचे कान माझ्यासारखे बहिरे नाहीत. आवाज ऐकून पाय हलला असेल. पण तो पाय गादी दाबत होता. गादी दाबून कार्बोरेटरचा लिव्हर हलत नाही, एवढं इंजिनिअरिंग मला येतं.

निनाद आला तेव्हा मी फॉर्म त्याच्यासमोर फाडला. तो चिडला नाही, त्याचंच जास्त लागलं. शांतपणे म्हणाला, "बाबा, गाडीच्या आवाजावरून आईचं आयुष्य ठरवणार तुम्ही?"

मी म्हटलं, "तिला सगळं कळतंय रे."

"मग तर तिथे बोलायला शिकवतील ना तिला! कळत असेल तर उलट न्यायलाच हवं."

हे मला तोवर सुचलंच नव्हतं. पण तिला परक्यांच्या हातात द्यायचं, तेही तिने नुकतंच उत्तर दिल्यावर? माझ्याने झालं नाही. निनाद दोन दिवस राहून गेला. सेंटरमधली जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढच्या रविवारी धोटेच्या मदतीने मंदाला व्हीलचेअरवरून शेडमध्ये आणली, ड्रायव्हरच्या सीटवर बसवली. चप्पल काढली. पाय पेडलवर ठेवला, तो घसरला, परत ठेवला. वायरी मी तोवर नव्या घातल्या होत्या, इंजिन घड्याळासारखं चालत होतं. "एक?" ओरडलो. काही नाही. "दोन?" काही नाही. चौथीपर्यंत गेलो. बॉनेटच्या बाजूने वाकून बघितलं तर तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. धोटे म्हणाला, "बस करा जी आता." तिला उचलून आत नेली.

मग माझ्या डोक्यात आलं, चांगल्या गाडीवर मंदा कधीच बसत नव्हती. गाडी बिघडली तरच मी तिला बोलवायचो. तीन नंबरची जुनी वायर टाकलेली नव्हती. परत बसवली.

दोन वर्षं झाली ह्याला. आता आम्ही बाग सेवनियात राहतो, शकुनच्या घराजवळच. इथेही गाडी पुढे आणि मंदाची खोली मागे, असंच घर शोधलं. गाडी विकली नाही. मंदाला आता घास गिळतानाही त्रास होतो. "हो" सुद्धा कमी झालंय. इथल्या डॉक्टरांनी परवा सांगितलं, सुरुवातीच्या महिन्यांत रोज बोलण्याचे व्यायाम झाले असते तर थोडा फरक पडला असता. कदाचित.

म्हणजे दोनच शक्यता. एक, त्या रविवारी काहीच झालं नाही, थकलेल्या म्हाताऱ्याला भास झाला आणि त्यापायी मी तिचा उपचार बुडवला. किंवा दुसरी, ती खरंच बोलली आणि मी तरीही तिला नेलं नाही. कुठलंही धरा, दोषी मीच. कोणी विज्ञान जाणणारा असेल, कोणी दुसरं काही जाणणारा असेल, त्याने मला समजावून सांगावं. मी वाद घालणार नाही.

दर रविवारी अकराला मी बॉनेट उघडतो. वायरींवर पाणी मारतो. इंजिन लंगडायला लागतं. शकुन आत मंदाच्या पायावर नजर ठेवून बसते, मला तिला काही सांगावं लागत नाही. मी विचारतो, "एक?" थांबतो. "दोन?" थांबतो. "तीन?"

चौथी वायर मी काढत नाही. कार्बोरेटरच्या लिव्हरवर नजर ठेवून, शेजारपाजारचे ऐकत असले तरी, मोठ्याने विचारतो, "मंदा, मी तुला इथेच ठेवलं, ते चुकलं का गं?"

दोन छोटे म्हणजे ठीक. एक लांब म्हणजे चुकलं. मला कुठलंही चालेल.

लिव्हर हलत नाही. थोड्या वेळाने आतून शकुन सांगते, "नहीं, बाबूजी." मग मी इंजिन बंद करतो.